शिक्षा, अर्ज, सुटका : मराठी तुरुंगकथनाचा अपुरा पट

'तुरुंगवाङ्मय' हे वर्गनाम मराठी समीक्षेत आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत सहजपणे वापरले जाते. मात्र त्या नावाखाली नेमके काय येते याची चर्चा सहसा होत नाही. 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले, विनोबांची 'गीता प्रवचने' १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी झाली व साने गुरुजींनी ती उतरून घेतली, 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात सिद्ध झाली. या तिन्ही ग्रंथांना तुरुंगाने एकांत दिला, वेळ दिला, क्वचित कागदही दिला. परंतु त्यांच्या संहितेत तुरुंग नाही. तुरुंगात लिहिलेले आणि तुरुंगाविषयी लिहिलेले यांत आपण फरक करीत नाही. तो केला की या वर्गातील बरीच मोठी नावे गळून पडतात आणि एक अस्वस्थ करणारा प्रश्न शिल्लक राहतो. न्यायालयाने शिक्षा सुनावल्यापासून माणूस गावी परतेपर्यंतचा जो एक दीर्घ व्यवहार राज्यसंस्था चालविते, त्याचे कथन मराठीने कितपत केले आहे? केले असल्यास कोणाच्या मुखातून?

प्रारंभी 'शिक्षा' या शब्दाकडेच पाहावे. संस्कृतात 'शिक्ष्' म्हणजे शिकणे. सहा वेदांगांपैकी एकाचे नावच 'शिक्षा' आहे. हिंदीत आजही तो शब्द विद्येचा वाचक आहे. मराठीने मात्र 'शिक्षण' शाळेकडे दिले व 'शिक्षा' न्यायालयाकडे. एकाच धातूची ही दोन अपत्ये वेगवेगळ्या घरी वाढली, आणि तुरुंग हे त्यांना पुन्हा एकत्र आणण्याचे स्थळ आहे असा आधुनिक राज्याचा दावा असतो. महाराष्ट्राच्या तुरुंग खात्याच्या आजच्या नावात 'कारागृह' या शब्दाला 'सुधारसेवा' हा शब्द जोडलेला आहे. शिक्षेतून शिक्षण निघते हा दावा खरा की खोटा, हे ठरविणे समाजशास्त्रज्ञांचे काम. साहित्याच्या अभ्यासकाचे कुतूहल वेगळे आहे: हा दावा कोणत्या कथानकाच्या आधारे उभा राहतो?

पहिला टप्पा निवाड्याचा. तो मराठीत नाटकाने उचलला हे स्वाभाविकच आहे, कारण न्यायालयाला मुळातच रंगमंचाची घडण असते. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकावर आपल्याकडे विपुल लेखन झाले. पण त्यातील बहुतेक लेखन लीला बेणारेच्या स्त्रीत्वाविषयी व मध्यमवर्गीय दांभिकतेविषयी आहे. कायद्याच्या प्रक्रियेविषयी ते नाटक काय म्हणते याकडे फारसे लक्ष गेले नाही. शिक्षा सुनावण्यापूर्वी आरोपीला काही सांगायचे असल्यास दहा सेकंदांची मुदत मिळते. ती मुदत सुरू होते, सारी पात्रे जागच्या जागी थिजतात आणि बेणारे दीर्घ स्वगत बोलते. ते प्रेक्षक ऐकतात. न्यायालय ऐकत नाही. न्यायालयाच्या दृष्टीने आरोपी दहा सेकंद गप्पच होती. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, दोषसिद्धीनंतर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे स्वतंत्रपणे ऐकून घेतलेच पाहिजे, अशी तरतूद कलम २३५(२) मध्ये आणली. तीच तरतूद २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. म्हणजे नाटकातील दहा सेकंद कायद्याने सहा वर्षांनी अधिकृत केले. परंतु जिल्हा न्यायालयात ज्याने काही वेळ घालविला आहे त्याला ठाऊक असते की या सुनावणीत बहुधा वकीलच बोलतो आणि ठरलेले बोलतो: आरोपी तरुण आहे, घरातील एकटा कमावता आहे, म्हातारे आईबाप आहेत, हा पहिलाच गुन्हा आहे. हे सारे खरेही असते. फक्त ते कोणाचेही असू शकते. तेंडुलकरांनी दाखविलेला विपर्यास हा की, जे खरोखर त्या व्यक्तीचे आहे ते उच्चारले जाताना प्रक्रियेचा काळ थांबलेला असतो.

निवाड्यानंतर कथनाचा काळच बदलतो. 'सक्तमजुरी', 'साधी कैद', 'दंड न भरल्यास आणखी इतके महिने' ही निवाड्याची मराठी मोजमापाची भाषा आहे. तिच्यात 'जन्मठेप' हा एकच शब्द मापाबाहेरचा. १९५५ च्या दुरुस्तीने 'काळ्या पाण्या'ची शिक्षा कायद्यातून गेली व तिच्या जागी आजन्म कारावास आला. मराठीने मात्र दोन्हींसाठी तोच शब्द ठेवला. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे अशी एक लोकसमजूत नाटक-सिनेमांनी रूढ केली आहे. वास्तविक १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोपाळ गोडसे यांच्या अर्जावरील निकालात स्पष्ट केले की जन्मठेप म्हणजे उर्वरित सारे आयुष्य; शासनाने सूट दिली नाही तर तिला शेवट नाही. १९७८ मध्ये आलेल्या कलम ४३३-अ ने काही गंभीर गुन्ह्यांत किमान चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगलीच पाहिजेत असे ठरविले. म्हणजे चौदा हा आकडा सुटकेचा नव्हे, सुटकेच्या विचाराला आरंभ करण्याचा. शासनाने १९९२ मध्ये व पुन्हा २०१० मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे केली. साहित्याच्या विद्यार्थ्याने ती अवश्य वाचावीत. तेथे खुनांचे वर्गीकरण हेतूनुसार केलेले आहे: क्षणिक रागातून, एकट्याने, पूर्वनियोजनाशिवाय झालेला, कट करून झालेला, स्त्रियांशी संबंधित कारणातून झालेला, टोळीने केलेला, आणि प्रत्येकापुढे भोगावयाच्या वर्षांचा आकडा. कथानकांचे हे कोष्टकच म्हणावे लागेल. आपल्या आख्यानमीमांसकांनी कथेतील हेतूंचे जे वर्ग पाडले, त्यांच्यापुढे वर्षांचे आकडे नव्हते एवढाच काय तो फरक.

आता तुरुंगाच्या आत. १८९४ च्या तुरुंग कायद्यात 'हिस्टरी तिकीट' नावाच्या कागदाची व्याख्या आहे. प्रत्येक कैद्याच्या नावे असे एक तिकीट. त्यात गुन्हा, शिक्षा, दिलेले काम, झालेल्या चुका, मिळालेली माफी. हे कैद्याचे राज्याने लिहिलेले चरित्रच होय. मिशेल फुको यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की आधुनिक तुरुंगाला केवळ कृत्य पुरत नाही. त्याला कृत्यामागचे आयुष्य हवे असते, आणि ते आयुष्य नोंदवता नोंदवता 'गुन्हेगार' नावाची स्वतंत्र जात तो घडवितो. फुको मराठीत आता इतका उद्धृत होतो की त्याचे नाव आले की वाचक पान उलटतो. परंतु आपल्याकडे ही चरित्रलेखनाची कल्पना अमूर्त नाही. ती एका मळक्या पुठ्ठ्यावर, कारकुनाच्या हस्ताक्षरात असते.

या चरित्राला कैद्याचे उत्तर कोणते? तुरुंगव्यवस्थेने त्याला एकच वाङ्मयप्रकार मान्य केला आहे. तो म्हणजे अर्ज. १९५९ च्या नियमांनी मुंबई राज्यात फर्लो व पॅरोल यांची व्यवस्था लावली. शासकीय मराठीत त्यांना 'संचित रजा' व 'अभिवचन रजा' अशी भारदस्त नावे आहेत. पहिली शिक्षेचा ठराविक काळ काढल्यानंतर मिळू शकणारी, दुसरी कारणपरत्वे. कारणे नियमांत आहेत: जवळच्या नातलगाचे गंभीर आजारपण, लग्नकार्य, बाळंतपण, घर पडणे, पूर. ज्याला रजा हवी त्याने आपले दुःख या कारणांपैकी एकात बसवावयाचे. मूल आठवते, झोप लागत नाही, शेताच्या बांधावर भाऊबंदांनी नांगर घातला, अशी दुःखे अर्जात बसत नाहीत. म्हणून आई आजारी पडते. शिकलेल्या कैद्याने न शिकलेल्यांचे अर्ज लिहून द्यावेत ही तुरुंगातील जुनी रीत. अशा रीतीने एकाच हाताने, एकाच मायन्याने, शेकडो माणसांची आत्मकथने तेथे लिहिली जातात. या लेखनाकडे आपल्या समीक्षेने कधी साहित्यव्यवहार म्हणून पाहिलेले नाही. दलित आत्मकथनांच्या निमित्ताने 'साहित्य म्हणजे काय' याची फेरमांडणी आपण केली. ती तुरुंगाच्या फाटकापर्यंत मात्र गेली नाही.

या दृष्टीने 'माझी जन्मठेप' (१९२७) पुन्हा वाचण्याजोगे आहे. १९११ ते १९२० या काळात सावरकरांनी केलेले सुटकेचे अर्ज हा गेल्या काही वर्षांत राजकीय रणधुमाळीचा विषय झाला. त्या धुमाळीत शिरण्याचे येथे कारण नाही, आणि ज्यांना दोन्हीपैकी एका बाजूने जिंकावयाचे आहे त्यांना समीक्षेचा उपयोगही नाही. लक्षात घेण्याची गोष्ट ही की अर्ज आणि आत्मकथन हे दोन वाङ्मयप्रकार एकाच हातून, एकाच तुरुंगाविषयी लिहिले गेले आणि त्यांतील 'मी' एक नाही. अर्जातला 'मी' वाचणाऱ्याच्या मर्जीपुढे उभा आहे. आत्मकथनातला 'मी' त्या मर्जीवरच भाष्य करतो. कैद्याच्या भाषेचा हा दुभंग सावरकरांपुरता नाही. तो अर्ज करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो. फक्त त्यांच्यापैकी बहुतेकांना दुसरा 'मी' लिहिण्याची संधी मिळत नाही.

अंदमानच्या कारभाराचे 'माझी जन्मठेप'मधील वर्णन आजही अजोड आहे: कोलूला जुंपलेली माणसे, काथ्याकूट, वर्षातून एकदा येणारे पत्र, आणि कैद्यांमधूनच निवडलेले वॉर्डर, पेटी ऑफिसर, टिंडाल, जमादार यांची उतरंड. कैद्याकडूनच कैद्यावर राज्य करवून घेण्याची युक्ती या पुस्तकाने मराठी वाचकाला प्रथमच इतक्या बारकाईने दाखविली. परंतु सामान्य बंदिवान तेथे कोणत्या भूमिकेत येतात? निवेदक त्यांना अक्षरओळख करून देतो, ग्रंथालय उभे करतो, त्यांच्या सवयी सुधारू पाहतो. राज्याला जे करावयाचे होते, निदान करीत असल्याचे सांगावयाचे होते, ते तुरुंगात एक कैदीच करतो. हे मोठे काम आहे यात शंका नाही. पण कथनाच्या दृष्टीने सामान्य कैदी सरकारच्या रजिस्टरातून निघून निवेदकाच्या रजिस्टरात जातो, इतकेच. त्याच लेखकाच्या 'काळे पाणी' (१९३७) या कादंबरीत सामान्य कैदी मध्यभागी येतात ते अद्भुत घटनांच्या साखळीतून. जणू ज्याला इतिहासात स्थान नाही त्याला रोमांचातच जागा मिळावी.

राजकीय कैद्याची परंपरा नागपूरलाही नवी नाही. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात देशभरातून आलेले सत्याग्रही येथे अटकेत गेले, आणि तुरुंगात जाणे ही एका पिढीची प्रतिष्ठा झाली. या प्रतिष्ठेची वाङ्मयीन किंमत आपण अजून फेडीत आहोत असे मला वाटते. 'तुरुंगवास भोगलेला' हे विशेषण आपल्या साहित्येतिहासांत गौरवाचे आहे. वर्धा रोडवरील त्या भिंतीमागून बाहेर पडणाऱ्या चोराच्या वा खुन्याच्या बाबतीत तेच विशेषण त्याला भाड्याची खोलीही मिळू देत नाही. समीक्षेने एकाच शब्दाचे हे दोन भाव कधी समोरासमोर ठेवले नाहीत.

सामान्य गुन्हेगार हाच नायक असलेली एक मोठी मराठी कलाकृती आहे, पण ती हिंदीत बोलते. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७). दिग्दर्शन व्ही. शांतारामांचे, कथा-पटकथा ग. दि. माडगूळकरांची. तिचे मूळ औंध संस्थानात आहे. भवानराव पंतप्रतिनिधींच्या त्या छोट्या संस्थानाने १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची घटना दिली. त्याच सुमारास, पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने, आटपाडीजवळ कैद्यांची भिंतीवाचूनची वसाहत उभी राहिली: स्वतंत्रपूर. कैद्यांनी शेती करावी, पुढे कुटुंबासह राहावे, पळून जाण्यास अडथळा नसताना पळू नये. आज ती राज्याच्या तुरुंग खात्याकडे आहे. येरवडा, पैठण, मोर्शी येथील खुली कारागृहे ही तिचीच पुढची भावंडे. माडगूळकरांचे बालपण याच मुलखात गेले. माणदेशाच्या कोरड्या जमिनीतून काहीतरी उगवून येते ही त्या घराण्याच्या दोन्ही लेखकांची मूलप्रतिमा असावी. धाकट्या भावाच्या 'बनगरवाडी'त (१९५५) ती शाळामास्तराच्या रूपाने येते, थोरल्याच्या पटकथेत जेलरच्या.

चित्रपटाचे कथासूत्र सर्वांच्या परिचयाचे आहे. आदिनाथ नावाचा जेलर सहा खुनी कैद्यांना बेड्यांवाचून ओसाड माळावर नेतो. ते पळू पाहतात, पण त्याचे डोळे त्यांच्या मनातून जात नाहीत आणि ते परततात. या डोळ्यांविषयी आजवर पुष्कळ भाविकतेने लिहिले गेले. ते डोळे करुणेचे आहेत हे खरेच. परंतु ते डोळे आहेत, पहारा करणारे आहेत, आणि प्रत्यक्ष नसतानाही काम करणारे आहेत. बेंथॅमने कल्पिलेल्या तुरुंगात मध्यवर्ती मनोरा असतो व कोठडीतल्याला मनोऱ्यात कोणी आहे की नाही हे कळत नाही. अंदमानच्या सेल्युलर जेलच्या मूळच्या सात बाजू अशाच एका मनोऱ्याला येऊन मिळत असत. स्वतंत्रपुराने भिंत काढली. चित्रपटाने मनोरा कैद्याच्या मनात उभारला. यात शांतारामांची फसवणूक आहे असे मुळीच म्हणावयाचे नाही. उलट गांधीवादी सुधारणेचे मर्म त्यांनी अनवधानाने इतके अचूक पकडले की, फुकोचा ग्रंथ त्यानंतर अठरा वर्षांनी येतो याचे आश्चर्य वाटते. फरक आहे तो मूल्याचा. फुकोला अंतरात शिरलेला पहारा ही सत्तेची परमावधी वाटते. माडगूळकरांना ती सद्सद्विवेकाची सुरुवात वाटते. या दोन वाचनांपैकी एक निवडण्याची घाई करू नये. माणदेशातल्या ज्या माणसाला येरवड्याची भिंत आणि स्वतंत्रपूरचे शेत यांत निवड करावयाची होती, त्याच्यापुढे हा तात्त्विक पेच नव्हता. त्याने शेतच निवडले असते आणि बरोबर केले असते.

मला या चित्रपटातला अधिक महत्त्वाचा प्रसंग बाजाराचा वाटतो. कैद्यांनी पिकविलेला भाजीपाला ते शहरात नेऊन स्वस्तात विकतात. व्यापाऱ्यांचे पित्त खवळते. कैद्यांना मारहाण होते आणि हात उगारायचा नाही या वचनाखातर ते मार खातात. समाजात परत येण्याचा या चित्रपटातला हा एकमेव खरा प्रसंग. तेथे पटकथाकाराने अचूक पाहिले की सुटलेल्या माणसाला अडविणारा त्याचा भूतकाळ नव्हे. अडविते ती बाजारभावाची व्यवस्था, आणि भूतकाळ हे तिच्या हातातले निमित्त. पुढे मात्र कथानक या निरीक्षणापासून दूर जाते. जेलर बैलाशी झुंजताना मरण पावतो, शोक सर्वव्यापी होतो, आणि सहांपैकी एकही जण आपल्या गावी परतला, ज्याचा बाप वा भाऊ आपण मारला त्याच्या दारावरून गेला, असे आपल्याला पाहावयास मिळत नाही. सुधारणेचे कथानक वसाहतीतच संपते. ते तसे संपले नाही तर सुधारणा झाली की नाही हे कळेल, आणि त्या कसोटीला ते कथानक उभे राहू इच्छीत नाही.

'सुटका' या शब्दाला मराठीत तीन घरे आहेत. कैदी सुटतो. बाळंतीण सुटते. आणि दीर्घ आजारानंतर कोणी गेले की आपण म्हणतो, सुटला बिचारा. तिन्ही प्रयोगांत वेदनेचा अंत आहे, परंतु पुढे काय हे फक्त दुसऱ्यात आहे. शासनाने तुरुंगानंतरच्या काळजीसाठी 'अनुरक्षण' असा शब्द केला. १९५८ च्या कायद्याने आलेल्या 'परिवीक्षा' या शब्दाशेजारी तो परिपत्रकांतून नांदतो. या शब्दांची थट्टा करणे सोपे आहे. थट्टेपेक्षा खेदाची गोष्ट ही की लोकव्यवहारातील मराठीत या अवस्थेला शब्दच नाही. आत जाण्यासाठी 'खडी फोडायला जाणे', 'सरकारी पाहुणचार', 'गजाआड', 'तुरुंगाची हवा' असे शब्दप्रयोग लोकांनी किती हौसेने घडविले. बाहेर येऊन पुन्हा माणसांत मिसळण्याला एकही नाही. भाषेला ज्याचा अनुभव नाही, किंवा ज्याकडे ती पाहू इच्छीत नाही, त्याचे कथन कोण करणार?

नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहावरची गेल्या दशकातली सर्वांत नेमकी लेखने इंग्रजीत झाली. अरुण फरेरा यांचे 'कलर्स ऑफ द केज' (२०१४) हे त्यांपैकी एक. २००७ मध्ये नागपुरात झालेली अटक, चार वर्षांहून अधिक काळ कच्च्या कैदेत, आणि २०११ मध्ये सुटकेचा आदेश हाती असताना तुरुंगाच्या फाटकावरच झालेली पुन्हा अटक. अखेर सर्व खटल्यांतून निर्दोष मुक्तता. लेखक व्यंगचित्रकार असल्याने कोठडीची, बराकीची रेखाटनेही पुस्तकात आहेत. २०१८ मध्ये त्यांना दुसऱ्या प्रकरणात पुन्हा अटक झाली व २०२३ मध्ये जामीन मिळाला. जी. एन. साईबाबा यांची कविता व पत्रेही याच तुरुंगाच्या अंडा सेलमधली. २०१७ मध्ये गडचिरोलीच्या न्यायालयाने दिलेली जन्मठेप उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये रद्द केली, ते सुटले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात हैदराबादेत वारले. या लेखकांच्या राजकारणाविषयी वाचकाचे मत काहीही असो, त्यांनी एक गोष्ट ठळक केली: शिक्षेचा क्रम निवाडा, तुरुंग, सुटका असा राहिलेलाच नाही. २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे शंभरांत पंचाहत्तरांहून अधिक. ज्यांना शिक्षाच झालेली नाही ते शिक्षा भोगणाऱ्यांच्या तिप्पट. कच्चा कैदी हाच आजच्या तुरुंगाचा प्रातिनिधिक नायक आहे, आणि त्याच्या कथेला आरंभही नाही. तरीही फरेरा, साईबाबा हे पुन्हा नाव घेऊन आत गेलेलेच लोक. त्यांच्या शेजारच्या बराकीतील विदर्भातला शेतमजूर त्यांच्या इंग्रजीत पात्र म्हणून येतो. त्याने आपल्या मराठीत, वऱ्हाडीत वा गोंडीत निवेदक व्हावे अशी व्यवस्था अजून झालेली नाही.

अपवाद शोधावयाचा तर तुरुंगवाङ्मयाच्या कपाटात शोधू नये. तो लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (१९८७) आहे. या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याची चर्चा भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत, 'उपरा'च्या शेजारी बसवून झाली. ते योग्यच. पण शिक्षाव्यवस्थेचे कथन म्हणून ते वाचले तर त्याची रचनाच वेगळी दिसू लागते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने क्रम उलटा केला होता: आधी जन्म, मग नोंद, मग हजेरी, मग पहारा, आणि गुन्हा झालाच तर सर्वांत शेवटी. अण्णा भाऊ साठ्यांच्या 'फकिरा'त (१९५९) ही हजेरी बंडाचे कारण होते. तेथे नायकाचे तेज त्या अपमानाला पुरून उरते, आणि आपल्या माणसांना सोडविण्यासाठी तो स्वतः हजर होतो तेव्हा वाचकाला शोकात्मिकेचा दिलासा मिळतो. 'उचल्या'त असा दिलासा नाही. तेथे आजोबाला गाव सोडावयाचे तर परवाना लागतो, पोलीस येतात ते चोरी झाली म्हणून नव्हे तर घर तेथे आहे म्हणून, आणि मुलांना चोरीचे शिक्षण दिले जाते. येथे मघाच्या त्या दोन शब्दांची गाठ पडते: शिक्षा ठरलेली असल्यामुळे शिक्षण तिला साजेसे. निवेदक शाळेत जाऊ लागतो आणि वस्तीत हगवण-ओकारीची साथ येते, तेव्हा तिचे खापर त्याच्या शाळेवर फोडले जाते. हा प्रसंग अंधश्रद्धेचे उदाहरण म्हणून वर्गात शिकविला जातो. मला तो कारागृहशास्त्राचे उदाहरण वाटतो. ज्या समूहाची बाहेर पडण्याची प्रत्येक वाट पूर्वी शिक्षेकडे गेली, त्याला नवी वाटही तशीच दिसणार.

पुस्तकाचे शीर्षकच आरोपपत्रातले आहे. 'उचल्या' ही पोलिसांनी, गावाने मारलेली हाक. निवेदक ती नाकारत नाही, मुखपृष्ठावर घेतो. हिस्टरी तिकीट हे राज्याने लिहिलेले चरित्र असेल तर हे पुस्तक त्याच तिकिटाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेले आहे. त्यात अर्जाचा 'मी' कोठेही येत नाही. निर्दोषत्वाचा दावाही नाही. वस्तीतल्या चोऱ्या तो तपशिलाने सांगतो, पाकिटे कशी मारली जातात, वाटणी कशी होते, पोलिसांचा हिस्सा किती. हा धीटपणा 'माझी जन्मठेप'च्या नायकापाशी असण्याचे कारण नव्हते. त्याच्या गुन्ह्याला देशभक्तीचे नाव आधीच मिळालेले होते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती 'विमुक्त' झाल्या. विमुक्त म्हणजे सुटलेला. सुटकेचे नाव हेच ज्यांचे जातिवाचक नाव झाले, त्यांची सुटका कधी पूर्ण होणार? त्यापाठोपाठ १९५९ मध्ये मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगार कायदा आला, आणि 'जमात' गेली तरी 'सवय' राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगात जातीनुसार कामे वाटणारे नियम घटनाबाह्य ठरविले, विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदींवर कडक बोट ठेवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला.

निकालाचे स्वागत करावे तितके थोडेच. पण रकाना गेल्याने आपल्यापुढे, म्हणजे कथनाच्या अभ्यासकांपुढे, एक अडचण उभी राहते तिचा उल्लेख करणे भाग आहे. 'उचल्या' ज्या रकान्यातून बोलला तो रकाना आता कोरा असेल. नोंदवही जातीविषयी गप्प राहील. झाडू कोणाच्या हातात दिला जातो हे मात्र बराकीला ठाऊक असेल. तेथून पुढे ते सांगण्याचे काम नोंदवहीचे राहणार नाही. ते त्या बराकीतल्या माणसाचे असेल, आणि त्याच्यापाशी आज लिहिण्यासाठी अर्जाचा कागद आहे.